आमच्या कोपऱ्यातली पंधरावी

हार्लन क्रीक, आयोवा
सोमवार, ११ जानेवारी

चि. मार्लिस हिस आर्डिसचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि मेपलचा पाक एकाच खोक्यातून पोचले. बाटलीचं बूच सैल होतं, त्यामुळे पत्र वाचण्याआधी चाटावं लागलं. गोड होतं, पाक आणि पत्र दोन्ही.

आता माझी बातमी, बसून वाच. गेल्या गुरुवारी गव्हर्नर रेनिक आपल्या घरी येऊन गेले. हो, राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेले तेच. त्यांच्या कचेरीतून फोन आला की कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत वीस माणसं जमवा. मी तेवीस जमवली. चिलीचं मोठं पातेलं आणि दालचिनीचे रोल केले होते. गव्हर्नरांनी तीन रोल खाल्ले आणि चौथा कोटाच्या खिशात घातला. मी त्यांना सरळच विचारलं की आमचं बावीस खाटांचं हॉस्पिटल बंद होऊन तीन वर्षं झाली, त्याचं काय करणार? ते म्हणाले, निवडून आलो तर पहिल्या शंभर दिवसांत लहान गावांची हॉस्पिटलं उघडायला लावीन. सगळ्यांसमोर म्हणाले. माणसं गेल्यावर अर्धा तास माझ्याबरोबर ओट्याशी उभे राहून ताटल्या पुसत होते. नॉर्बर्टने अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पुसल्या नसतील एवढ्या! मीही त्यांना हॉस्पिटलबद्दल चार गोष्टी सांगितल्या. चांगलं ऐकून घेतात ते. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

तर आता मी कॉकसमधल्या त्यांच्या कोपऱ्याची कप्तान झाले आहे. शाळेच्या भटारखान्यातली बाई कप्तान झाली म्हणून मर्ल कुएल कॅफेत बसून हसतो. तो समोरच्या उमेदवाराचा, सिनेटर हॅलोवेंचा कप्तान. पण त्याची बायको बर्नडीन आमच्या कोपऱ्यात उभी राहणार आहे! हॉस्पिटल चालू होतं तेव्हा ती तिथे पंधरा वर्षं कपडे धुवायची, हे मर्ल विसरला, ती विसरली नाही.

तुझ्या आरमाँने पुन्हा विचारलं आहे ना की तुमच्याकडे कॉकस म्हणजे नक्की काय करतात? सांग त्याला: आठ फेब्रुवारीला संध्याकाळी सात वाजता पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला सगळं गाव शाळेच्या जिममध्ये जमतं, ज्याचा उमेदवार त्याचा कोपरा, आणि आपण जाऊन त्या कोपऱ्यात उभं राहायचं. चिठ्ठी नाही, पडदा नाही. सगळ्यांच्या देखत. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधराही माणसं नाहीत तो कोपरा मोडतो, आणि त्यातल्यांनी दुसऱ्याकडे जायचं. पायांनी मत द्यायचं म्हण ना.

गुडघा बरा आहे. तुझ्या खोकल्याचं लिही. लोभ आहेच, तो असाच वाढू दे.

तुझी,
आर्डिस


ईस्ट वेल्बी, न्यू हॅम्पशायर
मंगळवार, १९ जानेवारी

ती. आर्डिसताईस सा. न. वि. वि.

कप्तानबाईंना आमच्या घरातून सलाम! तुझं पत्र मी आरमाँला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, चारचौघांत उभं राहून मत देणं म्हणजे चर्चमध्ये कबुलीजबाब माइकवर देण्यासारखं झालं. इथे आम्ही सोळा फेब्रुवारीला पडद्याआड जाणार, आणि कुणाला दिलं ते नवऱ्यालाही सांगणार नाही. बर्नडीनचं मात्र मला कौतुक वाटलं. मर्लच्या नाकासमोरून जिम ओलांडायची म्हणजे चेष्टा नाही.

इथे उमेदवारांचा नुसता सुळसुळाट आहे. मी ग्रंथालयाचं दार उघडते तर पायरीवर एखादा हात पुढे करून उभा. परवा एकाने माझ्याशीच दोनदा हस्तांदोलन केलं, आणि दोन्ही वेळा भेटून आनंद झाला म्हणाला. तुझ्या रेनिकबद्दल घरात रोज वाद होतो. आरमाँचं म्हणणं, माणूस नव्या गाड्या विकणाऱ्यासारखा आहे, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून रंग सांगतो. मी म्हणते, बाकीच्यांपेक्षा बरा, दगडापेक्षा वीट मऊ. वर्तमानपत्रंही गमतीची. म्हणतात, हॅलोवे पहिला येणार असं सगळे धरूनच चालले आहेत, तेव्हा तो पहिला आला तर त्यात काय विशेष? पण रेनिक तिसरा आला तर तो जिंकला म्हणायचा! आपल्या घरी तिसऱ्या नंबराला कढई खरवडायला मिळायची, आठवतं?

ताई, वीस फेब्रुवारी जवळ येते आहे. आईला जाऊन दोन वर्षं होतील. त्या नाताळला येते म्हणाले आणि ईस्टरवर ढकललं, ते अजून मला टोचतं. तू तेव्हा लिहिलं होतंस की आई दुपारी झोपली ती झोपेतच गेली, कळलंही नाही, काही बोललीही नाही. त्या एका वाक्यावर मी हे दोन हिवाळे काढले. कधी तुला बोलले नव्हते, आज लिहून टाकते.

खोकला गेला. सर्वांना नमस्कार, माझ्यावरची माया आहे तशी ठेव.

तुझी लहान बहीण,
मार्लिस


हार्लन क्रीक
मंगळवार, २६ जानेवारी

चि. मार्लिस हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

घाईत लिहिते आहे, चूक माफ. मागच्या वेळी जिममध्ये अठ्ठ्याण्णव माणसं होती. यंदाही तेवढीच धरली तर कोपरा टिकायला पंधरा डोकी लागतात. माझी मोजून चौदा झाली आहेत, मी पंधरावी. त्यांतले लुंडक्विस्ट नवराबायको कुंपणावर बसलेले आहेत. जो शेवटचं जेवायला घालेल त्याच्याकडे जातील, म्हणून आठ तारखेला संध्याकाळी पाच वाजता त्यांना माझ्याकडेच जेवायला बोलावलं आहे. मी का कच्च्या गुरूची चेली आहे?

बर्नडीनच्या घरी महाभारत चालू आहे. मर्लने तीन दिवस कॅफेतच जेवण केलं. काल तर म्हणाला की तू त्या कोपऱ्यात गेलीस तर मी गावाला काय तोंड दाखवू? तिने सांगितलं, आहे तेच दाखव, गाव चाळीस वर्षं बघतंय. पण नंतर माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, आर्डिस, मी रेनिकला ओळखत नाही, त्याचा मला भरवसाही नाही. मी तुझ्या शब्दावर येते आहे. मी म्हटलं, माझा शब्द म्हणजे सिमेंट.

तुझ्या पत्रातलं आईबद्दलचं वाचलं. ते तसंच धरून ठेव. जास्त विचार करू नकोस, आणि नाताळचं मनाला लावून घेऊ नकोस.

रेनिक पुढच्या आठवड्यात तुमच्या भागात येणार आहेत असं कचेरीतले सांगतात. ऐकायला जा, आणि जमलं तर भेटून सांग की मी हार्लन क्रीकच्या आर्डिसची बहीण. रोलवाली म्हटलंस की ओळखतील.

मायेने,
आर्डिस


ईस्ट वेल्बी
मंगळवार, २ फेब्रुवारी

आर्डिस, वि. वि.

काल संध्याकाळी मी आणि आरमाँ अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये रेनिकच्या सभेला गेलो. दोनशे माणसं होती. त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि आवाज खाली आणला. म्हणाले, आयोवातल्या एका स्वयंपाकघरात ताटल्या पुसता पुसता एका बाईने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

तिची एक्याऐंशी वर्षांची आई. दुपारी चारला छातीत कळ आली. गावातलं हॉस्पिटल कुलपात. अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. मुलीने आईला मोटारीच्या मागच्या सीटवर निजवलं आणि बर्फातून बावन्न मैलांवरच्या हॉस्पिटलकडे निघाली. पुढे बर्फ उपसणारं यंत्र, त्याच्यामागे गोगलगायीसारखी गाडी. आई वाटभर आपल्या मुलीचं नाव घेऊन हाका मारत होती. शहराची पाण्याची टाकी दिसायच्या आधी हाका थांबल्या.

मी इतरांसारखीच रडत होते, आर्डिस. कुणा परक्या बाईसाठी रडत होते. मग ते म्हणाले की म्हातारीच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात घरात घालायची निळी सपात, पांढऱ्या गोंड्याची. ती सपात मी पाठवली होती. ईस्टरवर ढकललेल्या नाताळला, स्वतः येण्याऐवजी.

पुढचंही ऐक. म्हणाले, मी त्या बाईला विचारलं की मी तुमच्यासाठी काय करू? तर ती ताठ मानेने म्हणाली, गव्हर्नर, काही नको. आमचं आम्ही बघतो. सरकारने फक्त आमच्या वाटेत येऊ नये आणि कर वाढवू नयेत. यावर हॉल उभा राहिला. इथे कराचं नाव काढलं की लोक चर्चपेक्षा भक्तीने उभे राहतात. हॉस्पिटलं उघडण्याबद्दल त्यांनी अवाक्षरही काढलं नाही. तू असं म्हणाली होतीस का?

मला दोन वर्षांपूर्वी तू झोपेतला मृत्यू लिहून पाठवलास, आणि खरा मृत्यू एका मत मागणाऱ्याला दिलास, ताटल्या पुसल्याबद्दल. आईचं मरण मला दोनशे माणसांबरोबर खुर्चीवर बसून कळलं. त्याने तुझा विश्वासघात केला असेल, ते तुझं तू बघ. माझा तू केलास.

मार्लिस


हार्लन क्रीक
मंगळवार, ९ फेब्रुवारी

मार्लिस, वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी आलं. टपालपेटीपाशीच उभी राहून वाचलं, हातमोजे काढायचंही सुचलं नाही. तू नमस्कार गाळलास, तोही वाचला.

मी असं म्हटलेलं नाही. मी म्हटलं होतं, एवढं एक करा, आमचं हॉस्पिटल उघडा, दुसरं काही नको. त्यातलं शेवटचं काही नको तेवढं त्याने उचललं, आणि बाकीचं ओट्यावर ठेवून गेला. माझ्या मनगटावर हात ठेवून वचन दिलं होतं गं. केसाने गळा कापला त्याने. गरज सरो नि वैद्य मरो, इथे तर वैद्य तीन वर्षांपूर्वीच मेलेला.

पाच वाजता लुंडक्विस्ट जेवायला आले. मी वाढलं. सगळ्यांना हो म्हणून बसले होते, सहा तास आधी काय सांगणार? वाटलं, आपला राग आपल्याजवळ, उभं राहून यावं. जिममध्ये बरोबर अठ्ठ्याण्णव माणसं निघाली. बर्नडीन लाल कोट घालून आली होती, लांबूनही मर्लला दिसावा म्हणून. तिने जिम ओलांडली तेव्हा हॅलोवेंच्या कोपऱ्यातून शिट्ट्या आल्या. तिने मान वळवली नाही. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझा हात धरला.

मोजणी कशी होते ते तुला ठाऊक आहे. कोपऱ्यातल्या प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा. एक, दोन, तीन करत आलं. बर्नडीनने मर्लकडे बघत चौदा म्हटलं ते छपराला लागलं. मग मी. सगळी जिम माझ्या पंधराची वाट बघत होती. मला एवढंच कळत होतं की आता मी पंधरा म्हटलं, की मीच म्हटलेलं ठरणार की आई त्या रस्त्यावर गेली आणि मला काही नको. मी म्हणाले, मी या कोपऱ्यातली नाही. हात सोडवून घेतला आणि कुणाचेच नाहीत त्यांच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. तिथे दर चार वर्षांनी म्हातारा एल्मर वॉक एकटाच असतो. तो म्हणाला, ये, जागा पुष्कळ आहे.

मोजणी करणारे ग्रॉथमास्तर माझ्यामागे आले. म्हणाले, आर्डिस, कारण सांगायची सोय आहे, एक मिनिट मिळतं. मी नको म्हणून मान हलवली. कारण सांगायचं म्हणजे आईची सपात सगळ्या गावापुढे काढायची. एकदा एकाच्या हातात दिली होती, त्याने तिचं काय केलं ते तूच लिहिलंस.

चौदांवर कोपरा मोडला. तीन जण घरी गेले, लुंडक्विस्ट मनधरणीची भाषणं संपायच्या आत हॅलोवेंकडे पोचले होते. बर्नडीन बराच वेळ रिकाम्या कोपऱ्यात एकटी उभी होती, शेवटी मर्लकडे गेली. त्याने काही टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याने तिच्यासाठी खुर्ची सरकवली, आणि त्याचा सगळा कोपरा हसला. जाताना ती माझ्यापाशी थांबली. म्हणाली, मी चाळीस वर्षांच्या नवऱ्याला तुझ्यासाठी तोंडघशी पाडलं, मला निदान का एवढं सांग. मी म्हणाले, नंतर सांगते. ती म्हणाली, नंतर मी विचारणार नाही.

आज सकाळी रेडिओवर सांगितलं की रेनिक राज्यात तिसरे आले, म्हणजे सगळ्यांच्या मते जिंकलेच. आमचा कोपरा मोडला हे त्यांना कळलंही नसेल. कॅफेत म्हणतात, मर्लने आर्डिसला फोडली. शाळेत जेवण वाढताना आज कुणी माझ्याशी बोललं नाही.

तुला खोटं का लिहिलं ते विचारू नकोस असं म्हणणार नाही. तुला त्रास होऊ नये म्हणून. त्याला सांगितलं कारण तो परका होता, ऐकून निघून जाणार होता. चुकले. माफी मागते.

आर्डिस


ईस्ट वेल्बी
बुधवार, १७ फेब्रुवारी

आर्डिसताई, वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. लगेच उत्तर लिहायला घेतलं आणि तीन कागद फाडले.

काल मत द्यायला गेले. पडदा ओढून इतका वेळ उभी राहिले की बाहेरची बाई खोकली. मग तशीच कोरी चिठ्ठी पेटीत टाकून आले. आरमाँने विचारलं नाही. कुणालाच कळणार नाही, आणि त्याची मला लाज वाटली. तू सगळ्या गावासमोर चालत गेलीस. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, पण जिममध्ये मी असते तर एल्मर वॉकच्या कोपऱ्यात आपण तिघं झालो असतो.

बर्नडीनला सांग. माझी हरकत नाही. तिने तुझ्यासाठी घर पणाला लावलं, आणि तिला कारण माहीत नाही. मला दोन वर्षं जसं माहीत नव्हतं तसंच.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. रेनिक म्हणाले, आई वाटभर मुलीचं नाव घेत होती. तू लिहिलं होतंस की ती काही बोलली नाही. कोणत्या मुलीचं नाव? तुझंच असणार, आणि ते बरोबरच आहे. नऊ वर्षं तिला उठवलंस-बसवलंस, मी सपाता पाठवल्या. मला वाईट वाटणार नाही. पण आता कुणाच्या भाषणातून ऐकायचं नाही मला. तुझ्या हातचं हवं. खरं लिही.

तुझी,
मार्लिस


हार्लन क्रीक
सोमवार, २२ फेब्रुवारी

चि. मार्लिस,

परवा आईच्या थडग्यावर जाऊन आले. बर्फ गुडघ्यापर्यंत होता, दगड हाताने उकरून काढला. बर्नडीनकडे अजून गेलेले नाही. हे पत्र टाकते आणि तिथून तशीच तिच्या दारात जाते. ती दार उघडेल की नाही ठाऊक नाही. पण आधी तू.

तुझं नाव घेत होती.

माझं एकदाही घेतलं नाही. आम्ही धान्याच्या गोदामापाशी वळलो तेव्हा सुरू झाली, मार्लिस, मार्लिस. मी म्हणाले, आई, मी आर्डिस आहे, पडून राहा. तर ती उठून बसायला लागली, काचेतून बाहेर बघायला लागली, मार्लिस मागे राहिली म्हणायला लागली. गाडी परत फिरव म्हणाली. तिला धाप लागली होती. मग मी म्हणाले, मी मार्लिसच आहे, आई. तेव्हा कुठे ती टेकली. त्यानंतर ती हाक मारायची आणि मी ओ द्यायची. मार्लिस? हो आई. मार्लिस? आले गं. बावन्न मैलांतले चाळीस तरी मी तू होते. तुझ्यासारखा आवाजही काढला, थोडा वरच्या पट्टीतला. शेवटी म्हणाली, आलीस ते बरं केलंस.

हे ती तुला म्हणाली. हे तुझं होतं, आणि मी ते दोन वर्षं दाबून ठेवलं. गेल्या पत्रात लिहिलं की तुला त्रास होऊ नये म्हणून खोटं लिहिलं. तेही खोटं होतं, मार्लिस. तू नाताळचं मनाला लावून कुढत होतीस, मी ते वाचत होते, आणि तुला हलकं करणारे हे चार शब्द माझ्याजवळ होते. मी नऊ वर्षं तिचं सगळं केलं आणि तिने तुला बोलावलं. तुला ते मिळू नये म्हणून मी लिहिलं नाही.

पोस्टमन यायची वेळ झाली, कोट घालते. माझ्यावर लोभ ठेव असं दर वेळी शेवटी लिहायची सवय आहे. या वेळी ती ओळ तू ठरवशील तेव्हा.

आर्डिस